माताडो व्हॉल्व्ह

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
११ जानेवारी २०२५

ती. मुकुंदकाका,

परवा फोन केला तेव्हा तुम्ही ‘लाइन खराब आहे, लिहून कळव’ म्हणालात, म्हणून लिहिते आहे. एकाच शहरात राहून पत्र लिहायचं हे जरा मजेशीरच. पण हेब्बाळ आणि एचएसआर एकाच शहरात आहेत असं फक्त नकाशा म्हणतो. मागच्या शनिवारी तुमच्याकडे यायला निघाले होते, सिल्क बोर्डच्या चौकापुढे गाडी सरकेना, तशीच माघारी वळले.

बाबा गेल्यावर तुम्ही पुण्याला आला होतात, ती आपली शेवटची भेट. दिवाळीनंतर आईला मी इकडे घेऊन आले. येताना तिने कपड्यांखेरीज एकच वस्तू मागितली, बाबांचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. मला नवल वाटलं. गाणी बाबा ऐकायचे. आई त्या वेळी स्वयंपाकघरात असायची, तिला एक अख्खी रेकॉर्ड बसून ऐकताना मी कधी पाहिलेलं नाही. पण तिने मागितला, तर मी तो गादीत गुंडाळून आणला.

इथे आल्यापासून त्याचा उजवा स्पीकर खरखरतो आणि आवाज दबलेला येतो. इथल्या दोन दुकानांत विचारलं. एकाने ‘यह तो म्यूझियम का है मॅडम’ म्हणून फोटो काढून घेतला, दुसऱ्याने नवीन सेट दाखवला. मग मीच वरची जाळी काढून पाहिलं. मागे चार उंच व्हॉल्व्ह, पुढे दोन बुटके. मागच्यांपैकी उजवीकडच्या एकाचं डोकं आतून पांढरं पडलंय, बाकीच्यांचं आरशासारखं चकचकीत आहे. आणखी एक दोष सापडला: पुढच्या बुटक्यांपैकी कुठला तरी एक, टेबलाला नुसता धक्का लागला तरी स्पीकरमधून ‘टिंऽग’ असा आवाज काढतो. सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम असल्यामुळे दोष दिसला की मला स्वस्थ बसवत नाही.

तुमच्याकडे जुने व्हॉल्व्ह असतील का? नसल्यास कुठे मिळतील, कसे निवडायचे?

आई बरी आहे. शांत असते.

तुमची,
कस्तुरी


हेब्बाळ
१६ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीला आशीर्वाद.

पार्सलमध्ये वरती तिळगूळ आहे आणि शेजारच्या पुडीत एळ्ळुबेल्ल. ते माझी सून शिल्पाश्री हिने घातलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे सगळं एकत्र. तुझी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा ते चाखून म्हणाली होती, ‘हा तिळगूळ वळायचा राहिला वाटतं.’ आमच्या घरात अजून ते सांगून हसतात. अत्तिगेला माझा नमस्कार सांग. आमच्या चार पिढ्या इथे गेल्या, तेव्हा वहिनीला अत्तिगे म्हणायची सवय काही सुटत नाही.

खाली कापसात तीन व्हॉल्व्ह आहेत. निवडून ठेवलेत. आता नीट वाच, घाई नको.

काचेच्या डोक्यावर आतून जो चांदीसारखा थर असतो, तो पांढरा झाला म्हणजे आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह मेला. उजवीकडे त्याचा जोडीदार एकटा ओढतोय, म्हणून आवाज दबलेला. पण एकच बदलू नकोस. जोडी बदलायची. उरलेला चांगला असतो, पण नव्याबरोबर बसवला तर दोघांची ओढ सारखी पडत नाही, दोघंही दमतात. मी पाठवलेले दोघं मीटरवर लावून पाहिलेत, काटा दोघांना एकाच जागी थांबतो. जोडी म्हणजे एवढंच, एकसारखे दिसणं नव्हे.

प्लग काढ. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग काढ. मग सेट पुरता गार होऊ दे. खालचं झाकण उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही तिथे वीज साठून राहते. व्हॉल्व्ह पिळायचा नाही, स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे हलवत सरळ वर काढायचा. नवा बसवताना पायांमधली मोकळी जागा कुठे आहे ते बघ आणि भोकांतली तशीच जागा शोध. जोर लावावा लागला तर समज की चुकतंय. उंच आणि बुटके, दोघांनाही नऊच पाय. एकाच्या जागी दुसरा बसेल, पण बसवायचा नाही. काचेवरची अक्षरं बोटाने चोळू नकोस, जुनी छपाई हवेनेसुद्धा जाते. ती गेली की कोण कुठला हे कळत नाही.

आता टिंग. सेट चालू ठेवून, पेन्सिलीच्या रबराच्या बाजूने बुटक्यांवर हलकेच टकटक कर. जो वाजेल तो काढ, तिसरा व्हॉल्व्ह त्याच्या जागी लाव. आम्ही असल्याला ‘माताडो व्हॉल्व्ह’ म्हणतो, म्हणजे बोलणारा. आतली जाळी सैल झालेली असते, मग तो बाहेरचं सगळं ऐकतो आणि स्वतःचं घालून सांगतो. चांगल्या सेटमध्ये त्याला ठेवू नये.

जुने काढलेले फेकू नकोस, माझ्याकडे पाठव. हा सेट तुझ्या बाबांनी, माझ्या पुरुअण्णाने, आणि मी मिळून बांधला. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी इथल्या एसपी रोडच्या बाजारात घेतला आणि मांडीवर ठेवून पुण्याला नेला. त्याचे जुने भाग माझ्याकडे असू देत.

लावून झाल्यावर कसा वाजतो ते सविस्तर लिही. फोन नको.

मुकुंद


एचएसआर लेआउट
२७ जानेवारी २०२५

ती. मुकुंदकाका,

तुमचं पत्र शेजारी उघडं ठेवून सगळं केलं. जोडी बसवताना आधी टॉर्च धरून भोकं न्याहाळली. मोकळी जागा सापडली आणि व्हॉल्व्ह आपण होऊन आत बसला, तेव्हा मला किती बरं वाटलं. पेन्सिलीने डावीकडचा बुटका वाजला, देवघरातल्या लहान घंटेसारखा. तो काढून तुमचा लावला. आता टेबल हलवलं तरी गप्प.

आवाज कसा आहे ते सविस्तर लिही म्हणालात. प्रयत्न करते. पूर्वी गाणारी बाई पडद्यामागून गायची, आता पडदा सरकवून ती पुढे येऊन बसली आहे. तंबोरा तिच्या मागे आहे, आणि तो मागे आहे हे कळतं. दोन ओळींमध्ये ती श्वास घेते तो ऐकू येतो. याहून चांगलं मला लिहिता येत नाही. जुने तीनही व्हॉल्व्ह याच पार्सलमध्ये आहेत.

काका, मागच्या पत्रात मी आई बरी आहे असं लिहिलं होतं. ती बरी नाही.

इथे आल्यापासून ती बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, तेवढंच. मला वाटलं, भाषा नाही, ओळखी नाहीत, मी दिवसभर बेळ्ळंदूरला ऑफिसात, होईल हळूहळू. पण डिसेंबरपासून मी संध्याकाळी घरी येते तेव्हा अॅम्प्लिफायरच्या लाकडी कडेवर चहाचा भरलेला कप ठेवलेला असतो. गार झालेला, साय धरलेली. सेट चालू असतो, गाणं कधी असतं, कधी नसतं. आई बाजूला उभी असते नाहीतर आत पडलेली असते. लाकडावर कपाचे गोल डाग पडलेत. मी तिला सांगितलं की यात वीज असते, सांडलं तर जिवावर बेतेल. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कप तिथेच. मी ओरडले, काका. तिच्यावर ओरडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

नवे व्हॉल्व्ह बसवल्यावर मला वाटलं तिला आनंद होईल. मी रेकॉर्ड लावली, आवाज इतका स्वच्छ की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आई चहा घेऊन आली आणि कप तिथेच ठेवला. उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा जरा जोराने ठेवला, बशीत चहा सांडला. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं,

"बंद पडलं का गं?"

गाणं चालू होतं. खोली गाण्याने भरलेली होती आणि ती विचारत होती, बंद पडलं का.

त्यानंतर तिने सेट लावलेला नाही. खोलीत येतसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दिवसभरासाठी एक बाईही ठरवते आहे, आईला एकटं ठेवायची मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगते आहे कोण जाणे, बहुधा तुम्ही लांबलचक पत्रं वाचता म्हणून.

कस्तुरी


हेब्बाळ
३१ जानेवारी २०२५

चि. कस्तुरी,

तुझं पत्र आलं आणि माझं जेवण तसंच राहिलं. डॉक्टरकडे जायचं तर जा, पण आधी हे वाच.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी पुण्याला तुमच्याकडे राहिलो होतो. तू तेव्हा शाळेत. संध्याकाळी पुरुअण्णाने रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून बसला. तो ऐकायला बसला की त्याला हाका मारून उपयोग नसे, तुला ठाऊक आहे. तेवढ्यात स्पीकरमधून टिंग झालं. त्याने डोळे उघडले, मान वर केली आणि अत्तिगेकडे बघून हसला. तिने कप सेटच्या कडेवर ठेवला होता. मी म्हणालो, अण्णा, हा व्हॉल्व्ह माताडो झाला, मी उद्या बदलतो. तर तो म्हणाला, "हात लावायचा नाही मुकुंदा. ही आमची बेल आहे."

मी दोघांना हसलो आणि विसरून गेलो. तू टिंग लिहिलंस तेव्हा मला फक्त दोष आठवला, घर आठवलं नाही. असा हा मी.

ती गाण्याबद्दल विचारत नव्हती. ‘बंद पडलं का’ म्हणजे बेल बंद पडली का. कस्तुरी, तिची आठवण शाबूत आहे. आपणच ती उपटून काढली, मी सांगितलं आणि तू केलंस.

आता दुसरी गोष्ट. तो व्हॉल्व्ह परत लाव म्हणून पाठवून दिला असता तर प्रश्न मिटला असता. पण तुझं पार्सल आलं त्या दिवशी पुरुअण्णाचे म्हणून मी हौसेने तीनही व्हॉल्व्ह स्पिरिटच्या फडक्याने पुसले. तुला करू नकोस म्हणालो, तेच. अक्षरं गेली. मग बुटका बुटक्यांच्या खोक्यात ठेवला. तिथे तशाच पुसट अक्षरांचे सहा आहेत. आता सात. मीटरचा काटा मला दिसतो, पण टिंग काट्यावर दिसत नाही, ते कानानेच कळतं. आणि लाइन कधीच खराब नव्हती, कस्तुरी. माझे कान गेलेत. यंत्र लावलं तरी नुसता गलका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. शिल्पाश्रीने ऐकलं असतं, पण वाजवून बघायला सेट लागतो, आणि माझा सेट मी दोन वर्षांमागे देऊन टाकला. गप्प बसलेल्या सेटसमोर किती दिवस बसायचं?

सातही पाठवतो आहे. एकेक लावून बघ. पण तू ऐकू नकोस, तिला ऐकू दे. कोणता तो, हे तिलाच कळेल.

मुकुंद


एचएसआर लेआउट
९ फेब्रुवारी २०२५

ती. मुकुंदकाका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवायचा धीर झाला नाही. तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून वाचलं, घडी घातली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

मी दारात उभी राहून म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस. सांगितलंस."

खरं होतं. वीज असते, सांडलं तर जिवावर बेतेल, असं मी सांगत होते. कप तिथे का ठेवतेस, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. दिवसभर ऑफिसात मी हेच सगळ्यांना बजावते, दोष म्हणायच्या आधी विचारा की हे मुद्दाम तर केलेलं नाही.

काल शनिवारी दुपारी आम्ही सातही व्हॉल्व्ह घेऊन बसलो. प्रत्येक वेळी प्लग काढायचा, गार होऊ द्यायचं, नवा बसवायचा, तापायला वेळ द्यायचा. मी पेन्सिल काढली तर आई म्हणाली, पेन्सिल नको. आत जाऊन तिने खरोखरचा चहा करून आणला. म्हणाली, रिकाम्या कपाचं वजन वेगळं असतं.

काका, ती बोलत होती. मधल्या वेळात आम्हाला दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं. मला विचारलं, तुझ्या ऑफिसात हेच करतेस का, टकटक करून बघायचं? मी म्हटलं, साधारण हेच. ती म्हणाली, बरं आहे, मग ते बसून काम आहे. खालच्या मजल्यावरच्या पुष्पावतीअक्का रोज लिफ्टमध्ये ‘ऊटा आयता’ विचारतात, आणि आईला आतापर्यंत वाटत होतं त्या आयतं जेवण मिळतं का असं टोचून विचारतात. जेवण झालं का एवढंच ते, हे तिला मी काल सांगितलं. तीन महिने ती त्या बाईंवर रागावून होती. तिच्या गप्प बसण्यात काय काय भरलेलं होतं, मला कुठे माहीत होतं?

पण तो व्हॉल्व्ह सापडला नाही. सातांपैकी तीन वाजले. एकाचा आवाज जाड होता, एकाचा लांबत गेला, एकाचा अगदी मला आठवत होता तसा, पण आईने तिन्ही वेळा कप उचलला आणि "हा नाही" म्हणाली. सातवा झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून करू म्हटलं, तर नको म्हणाली. न वाजणाऱ्यांपैकी एकाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बसव. स्वच्छ आहे."

कदाचित वाटेत त्याची जाळी आणखी सैल झाली असेल, किंवा स्पिरिटने काही झालं असेल. चूक माझीच आहे, मला ती सहन होत नाही, पण तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. दिवसभराच्या बाईंना नको म्हणून कळवलं. डॉक्टरांचं मात्र आईने रद्द करू दिलं नाही. म्हणाली, वेळ घेतलीच आहेस तर जाऊन येऊ, त्यांना सांगू की मुलीला ऐकू कमी येतं.

उरलेले सहा उद्या परत पाठवते. आईही चार ओळी लिहिते म्हणाली आहे.

कस्तुरी


एचएसआर लेआउट
१० फेब्रुवारी २०२५

मुकुंदभावजींना सुनंदाचा नमस्कार.

कस्तुरीला चार ओळी लिहिते म्हणाले होते. चार ओळींत होणार नाही, म्हणून पाकीट मीच चिकटवणार आहे. तुम्हीही हे पत्र तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

तो व्हॉल्व्ह सापडला होता. तिसरा. कप टेकवला आणि झालं, अगदी तसंच. मला ते ओळखायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं रोज दोन वेळा ऐकलेलं.

टिंग झालं की ते मान वर करायचे. त्या दिवशी टिंग झालं आणि कस्तुरीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. भावजी, त्या बघण्यात इतकी काळजी होती, की मला वाटलं, हा आत राहिला तर ही पोर रोज असंच बघेल. सेट जपेल, मला जपेल, कापसात ठेवेल. माझ्या तोंडून निघून गेलं, हा नाही. नंतर माघार घ्यावी असं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर इथे आल्यापासून मी तो कप ठेवत होते ते काही ते येतील म्हणून नाही. तेवढी माझी बुद्धी ठिकाणावर आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत मी काही केलं की त्याचा आवाज होतो, असं ते एकच ठिकाण होतं. बाकी सगळीकडे दारंसुद्धा आवाज न करता मिटतात. आता कस्तुरी विचारते. कालपासून इतकं विचारते की जरा थांब म्हणावं लागतं. तेव्हा बेलचं काम उरलं नाही.

सहा परत येत आहेत, त्यात तो आहे. कोणता ते लिहीत नाही. तुम्हाला ऐकू येणार नाही आणि दुसऱ्या कुणाला ऐकवू नका. असू दे त्यांच्यातच.

तुमचे कान गेले हे वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही दोघं त्या सेटपुढे जमिनीवर बसून तासन् तास भांडायचात, हा राग की तो. मी आतून ऐकायचे ते भांडणच, गाणं नाही. दूध उतू जाईल, कुकर होईल, यात माझं एक गाणं पुरं ऐकून झालं नाही. आज कस्तुरी ऑफिसला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि एक बाजू संपेपर्यंत उठले नाही. चहासुद्धा केला नाही.

एक सुचलं, पटलं तर बघा. मी ऐकते आणि तुम्हाला लिहिते. रेकॉर्डच्या पाकिटावर रागाचं नाव आहे, पण मी ते वाचलेलं नाही. तुम्ही ओळखा. आजचा असा आहे. बाई सुरुवातीला बराच वेळ खालीच फिरतात, अंधारात भिंतीवर बटण चाचपडावं तशा. वर जायला बघतात, एका सुराला नुसतं शिवतात आणि मागे येतात. असं चार-पाचदा. आपल्याला वाटतं आता जातील, आता जातील, तर परत खाली. मग आपण आशा सोडून देतो, आणि तेव्हा त्या वर जाऊन उभ्या राहतात, अगदी सहज, जशा काही तिथेच राहत होत्या. त्या सुरात दुःख आहे असं म्हणवत नाही. संध्याकाळी घरात अजून दिवा लावलेला नसतो, तसं काहीतरी आहे. उतरताना एक सूर गाळतात, चढताना घेतात की नाही ते नीट कळलं नाही. उद्या पुन्हा ऐकून सांगते.

कोणता, ते मला लिहा. बरोबर आलं तर पुढच्या वेळी रेकॉर्डची दुसरी बाजू लावीन.

सुनंदा